तीन पिवळ्या वायरींपैकी एक

वळसंग ओलांडून थोडं पुढं आलो आणि गाडी बंद पडली. रात्रीचे साडेनऊ होऊन गेलेले, मागं आई बसलेली, हातात प्रसादाची पिशवी. गुरुवार होता म्हणून ऑफिस सुटल्यावर तिला घेऊन अक्कलकोटला दर्शनाला गेलो होतो, आणि परत येताना आधी हेडलाइट पिवळट पडत गेला, मग हॉर्न दाबला तर नुसती घरघर, मग मीटरवरचं घड्याळ आपोआप शून्यावर गेलं आणि इंजिननं दोन-तीन आचके दिले नि थांबलं. सेल्फ दाबला तर रिलेची (सेल्फला करंट सोडणाऱ्या स्विचची) टक टक टक, बाकी काही नाही. माझ्या मोटरसायकलला किक नाही. दुसऱ्या गिअरात टाकून ढकलून बघितली, घामाघूम झालो, पण ही फ्युएल इंजेक्शनची गाडी, पेट्रोलचा पंप आणि ईसीयू, म्हणजे इंजिनचा कंप्युटर, चालवण्यापुरता करंट बॅटरीत असेल तरच ढकलून उठणार, नाहीतर कितीही ढकला. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्या ढकलून निघायच्या ते आठवून आपण ढकलत बसतो.

आई काही बोलली नाही, फक्त "जाऊ दे रे, सावकाश बघ" एवढंच म्हणाली. वाहनं सुसाट जात होती आणि आमचा मागचा लाइटसुद्धा लागत नव्हता, त्याची मला सगळ्यात जास्त भीती वाटली. शेवटी गाडी ढकलत एका पंक्चरवाल्याच्या दुकानापर्यंत नेली, त्या दादांनी ठेवून घेतली आणि आम्ही शेवटच्या वडापनं सोलापूर गाठलं. घरी पोचायला पावणेबारा. त्या रात्री ठरवलं की आता कुणी काहीही सांगू दे, मोजल्याशिवाय एकही पार्ट बदलायचा नाही.

कारण तोपर्यंत काय काय बदलून झालं होतं ते सांगतो. गाडी २०१९ची, मी जुळे सोलापूरला राहतो, काम अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात, हिशोब बघतो. फेब्रुवारीत एक दिवस संध्याकाळी पार्किंगमध्ये सेल्फ लागेना. बॅटरी अडीच वर्षांची होती, मेस्त्री म्हणाले बॅटरी गेली, मला पण पटलं, नवी टाकली. १२ व्होल्ट ८ अँपिअर-अवरची. जुनी दिली एक्स्चेंजमध्ये. मार्चच्या शेवटी नवीच बॅटरी परत बसली. बॅटरीच्या दुकानात नेली तर त्यांनी रात्रभर चार्जिंगला लावली, सकाळी लोड टेस्टर लावून दाखवला आणि म्हणाले बॅटरी एकदम ओके आहे, तुमच्या गाडीत चार्जिंग होत नसेल बघा. तिथून मेस्त्रीकडे. त्यांनी गाडी चालू केली, मीटर लावला, रेझ केली, म्हणाले चार्जिंग तर येतंय, पण रेग्युलेटर (इंजिनकडून येणारा करंट आवरून बॅटरीला देणारा डबा) कमजोर असेल, बदलून टाकू. बदलला. बावीसशे रुपये. तीन आठवडे गाडी छान चालली, आणि मग वळसंग.

हे तीन आठवडे कसे चालली ते मला नंतर कळलं. रेग्युलेटरनं नाही चालली, दुकानात रात्रभर चार्ज केलेल्या बॅटरीनं चालली. रोज थोडं खर्च, थोडं जमा, जमा कमी. हिशोबाच्या माणसाला हे आधी कळायला पाहिजे होतं.

दुसऱ्या दिवशी मित्राची दुसरी बॅटरी घेऊन गेलो, गाडी घरी आणली, आणि येताना नव्या पेठेतून साडेतीनशेचा डिजिटल मल्टिमीटर घेतला. माझं इलेक्ट्रिकलचं ज्ञान म्हणजे घरातला फ्यूज बांधण्याएवढं. पण आकडे वाचता येतात आणि वहीत लिहिता येतात, तेवढ्यावर सुरुवात केली.

आधी बॅटरी. पूर्ण चार्ज करून, चार-पाच तास तशीच ठेवून मोजली तर १२.७ व्होल्ट. १२.६ ते १२.८ म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, आणि १२च्या खाली गेली की जवळपास रिकामी. म्हणजे १२ व्होल्टच्या बॅटरीत १२ व्होल्ट दिसले की आपल्याला वाटतं बरोबर आहे, पण ती उपाशी असते. मग गाडीत बसवली, सेल्फ मारताना मीटर बघितला, १०.६ पर्यंत उतरला आणि परत वर आला. ९.६च्या खाली जायला नको असतं. बॅटरी चांगली होती. बिचारीवर दोनदा आळ आला होता.

मग बंद गाडीत करंट कुठं जातोय का ते. चावी काढून मायनसची केबल सोडली आणि केबल व टर्मिनलच्या मध्ये मीटर अँपिअरवर ठेवून जोडला. हे करताना आधी १० अँपिअरच्या भोकात वायर लावायची, आकडा बारीक आहे याची खात्री झाली की मगच मिलीअँपिअरला जायचं, आणि मीटर जोडलेला असताना चुकूनही सेल्फ दाबायचा नाही, मीटरचा फ्यूज उडतो. मला दिसले १५ मिलीअँपिअर. मोबाइल चार्जरचं सॉकेट काढलं तर १. म्हणजे ते सॉकेट, जे मी एका ॲक्सेसरीच्या दुकानातून बसवून घेतलं होतं, ते त्यांनी डायरेक्ट बॅटरीला जोडलं होतं आणि ते रात्रंदिवस १४ मिलीअँपिअर पीत होतं. मला वाटलं सापडलं! पण वहीत मांडलं तेव्हा आनंद गेला: १४ मिलीअँपिअर गुणिले २४ तास म्हणजे दिवसाला ०.३४ अँपिअर-अवर, ८ची बॅटरी पूर्ण रिकामी व्हायला तेवीस-चोवीस दिवस, ते पण गाडी हलवलीच नाही तर. मी रोज चालवतो. सॉकेट चावी लावल्यावरच चालू होणाऱ्या लाइनवर घेतलं, ते करायलाच पाहिजे होतं, पण मूळ दुखणं हे नव्हतं.

आता चार्जिंग. सकाळी गाडी चालू केली, बॅटरीच्या टर्मिनलवर मीटर, आयडलवर १३.३, चार हजार आरपीएमला १३.९. पुस्तकी आकडा साधारण १३.५ ते १४.८ असतो. म्हणजे चार्जिंग होतंय! मेस्त्रींनी पण हेच बघितलं असणार, त्यांचं खोटं नव्हतं. मी तीन दिवस इथंच अडकलो. बॅटरी चांगली, रेग्युलेटर नवा, चार्जिंग येतंय, आणि तरी रोज संध्याकाळी मोजलं की बॅटरी सकाळपेक्षा खाली. १२.६, दुसऱ्या दिवशी १२.५, तिसऱ्या दिवशी १२.४. वहीतला तो उतरता रकाना बघून रात्री झोप लागेना.

मग एक सुचलं. मीटरच्या वायरी बॅटरीच्या टर्मिनलला नीट बांधल्या, सीटखालून बाहेर काढल्या आणि मीटर टाकीवर चिकटपट्टीनं चिकटवला. तसाच ऑफिसला निघालो. जुळे सोलापुरातून निघताना १३.९. विजापूर रोडला १३.८. सात रस्त्याच्या सिग्नलला थांबलो, १३.१. सिग्नल सुटला, रेझ केली, आकडा वर यायला पाहिजे तर १२.९. पुढं अशोक चौकाच्या बाजूला गर्दीत १२.६, आणि गाडी पळवली तरी १२.७च्या वर जाईना. मी गाडी बाजूला घेऊन नुसता त्या आकड्याकडे बघत उभा राहिलो. एवढे दिवस आपण थंड गाडी मोजत होतो. गाडीचं दुखणं तापल्यावरचं होतं.

आणि आपल्याकडचं तापणं म्हणजे काय ते सोलापूरकरांना सांगायला नको. एप्रिल संपत आलेला, दुपारी पारा बेचाळीसच्या वर, ऑफिसच्या पार्किंगला पत्रा. लेड-ॲसिड बॅटरीबद्दल ढोबळ नियम असा सांगतात की तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य निम्म्यावर येतं, आणि त्यात ती अर्धी भरलेली राहत असली तर आतल्या प्लेटांवर सल्फेट धरतं ते वेगळंच. वर हेडलाइट बंद करायची सोय नाही, १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींना दिवसासुद्धा हेडलाइट चालू ठेवूनच येते. तो नियम चांगलाच आहे, समोरच्याला आपण दिसतो, पण चार्जिंग लंगडं असेल तर दिवसाउजेडी सुद्धा बॅटरीतून जात राहतं. रात्री अक्कलकोटहून येताना अप्पर लावला की संपलं.

रविवारी कॉइल तपासली. आपल्याकडं मेस्त्री लोक मॅग्नेट कॉइल म्हणतात, स्टेटर. इंजिनच्या डाव्या बाजूच्या कव्हरमध्ये असते, मॅग्नेट तिच्याभोवती फिरतो आणि तिच्यातून एसी करंट तीन पिवळ्या वायरींनी बाहेर येतो, तो पुढं रेग्युलेटरमध्ये जाऊन डीसी होतो आणि बॅटरीला जातो. रेग्युलेटरचा कपलर, म्हणजे वायरींचा प्लास्टिकचा जोड, सोडून त्या तीन वायरींमध्ये दोन-दोन करून ओहम मोजले: ०.६, ०.६, ०.६. मीटरच्या दोन पिना एकमेकींना टेकवल्यावरच ०.२ दाखवतो, तेवढे वजा, म्हणजे ०.४. तिन्ही जोड्या सारख्या. प्रत्येक वायर आणि इंजिनची बॉडी, काहीच नाही, ओपन. म्हणजे कॉइल जळून बॉडीला टेकलेली, अर्थ झालेली नाही. मग कपलर सुटाच ठेवून गाडी चालू केली, मीटर एसीवर, पाच हजारला ५८, ५७, ५८ व्होल्ट. तिन्ही सारखे. (हे करताना पिनांना बोट लावू नका, जोरात झटका बसतो.) वहीत सगळ्यापुढं बरोबरची खूण. आणि गाडी तरी आजारी.

ऑफिसातल्या एका विणकर मामांनी मला विजापूर वेशीतल्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे पाठवलं. बोळात छोटं दुकान, बाहेर रिक्षांचीच गर्दी, आत साठीचे चाचा. मी वही काढून सगळे आकडे वाचून दाखवले. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी एवढंच विचारलं, "कपलर सोडून मोजलास ना? थंड गाडीवर?"

"हो चाचा."

"मग मीटर काय सांगणार तुला. मीटर काय करंट वढतंय व्हय? त्याला नुसतं टेकलेलं पण चालतंय. गाडीला वढायचंय. जा, सिद्धेश्वर तलावाला दोन चकरा मार, तापवून आण गाडी."

ते वाक्य माझ्या डोक्यात लख्खकन पेटलं. आमच्या कारखान्यात सूत हातात घेऊन बघितलं तर चांगलं वाटतं आणि मागावर ताण आला की तुटतं, तसंच हे. मीटर जवळजवळ काहीच करंट घेत नाही म्हणून एखादा जोड नुसता केसाएवढा टेकलेला असला तरी व्होल्ट पूर्ण दिसतात. दहा-बारा अँपिअर त्याच जोडातून जायला लागले की तो उघडा पडतो.

तापवून आणली. चाचांनी गाडी बंद करू दिली नाही. डावं साइड कव्हर काढलं, एअर फिल्टरच्या डब्यामागं हात घातला आणि एक पांढरा कपलर बाहेर ओढला. हा मी बघितलाच नव्हता. मी रेग्युलेटरचा कपलर तपासला होता, मेस्त्रींनी पण तोच सोडून रेग्युलेटर बदलला होता, पण कॉइलकडून येणाऱ्या वायरी मेन वायरिंगला जिथं जोडतात तो हा दुसरा कपलर, आत लपलेला. चाचांनी कपलर न सोडता, मागून दोन्ही बाजूंनी एकाच वायरीत दोन टाचण्या खुपसल्या, मीटर एसीवर ठेवून त्या दोन टाचण्यांना लावला आणि मला रेझ करायला सांगितली. पहिली वायर, शून्याच्या आसपास. दुसरी, तेच. तिसरीला आकडा नाचायला लागला. ३, मग ८, मग एकदम वीसच्या वर. एकाच वायरीच्या अलीकडे-पलीकडे एवढा फरक! म्हणजे करंट तिथं अडतोय.

"बोट लाव" म्हणाले. लावलं आणि लगेच काढलं.

गाडी बंद करून कपलर उघडला. चिकटलेला होता, पान्यानं हलवत हलवत सोडवावा लागला. पांढरं प्लास्टिक त्या तिसऱ्या घराजवळ चहाच्या रंगाचं होऊन वितळून आत खचलेलं, आतली पितळी पिन काळी, तिच्यावर हिरवट-राखाडी थर, आणि पिवळ्या वायरीचं इन्सुलेशन तिथून बोटभर कडक झालेलं, दाबलं की भुगा पडायचा. बाकीच्या दोन पिना पितळेसारख्या चकचकीत. मी तो कपलर उजेडात धरून कितीतरी वेळ बघत होतो. एवढ्याशा पिनेनं आईला रात्री हायवेवर उभं केलं.

हे कसं होतं ते चाचांनी समजावून सांगितलं आणि आकडेमोड मी केली. पिनेची पकड जराशी सैल होते, गाडीची थरथर असतेच, धुताना पाणी जातं. सैल जोडात समजा ०.३ ओहमचा अडथळा तयार झाला आणि त्यातून १० अँपिअर चालले, तर त्या एका पिनेत ३० वॅट उष्णता. सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचं असतं! म्हणजे साइड कव्हरच्या आत रोज एक तापलेलं सोल्डरिंग आयर्न घेऊन मी फिरत होतो. तापल्यावर पितळेचा ताण जातो, पकड अजून सैल, गंज अजून वाढतो, अडथळा अजून वाढतो. शेवटी थंड असताना टेकायचं आणि तापलं की सुटायचं. तिसरी वायर सुटली की तीन फेजची कॉइल उरलेल्या दोन वायरींवर सिंगल फेजसारखी चालते, हेडलाइट, पंप, इग्निशन भागवून बॅटरीला काही उरत नाही. टाकीवरच्या मीटरला सात रस्त्यावर जे दिसलं ते हेच.

नवीन कपलर घालायचा का विचारलं तर चाचा म्हणाले घालू, पण वायर जळकी आहे तिथपर्यंत आधी कापायची, नाहीतर नव्या पिनेत जुनी काळी तार धरून काय उपयोग. तार चमकदार तांब्याची दिसेपर्यंत मागं मागं कापत गेले, कमी पडली तिथं त्याच जाडीचा तुकडा जोडला, पिना नीट दाबून वर सोल्डर, त्यावर श्रिंक ट्यूब लायटरनं आवळली. तिन्ही वायरींना केलं, चांगल्या दोनांना पण, कारण एक गेली तेव्हा सगळा भार त्यांनी वाहिला होता. कपलर एअर फिल्टरमागं न कोंबता हवेत येईल असा टाय मारला. दीड तास लागला. पैसे विचारले तर अडीचशे. मी पाचशे पुढं केले, त्यांनी अडीचशे परत दिले.

तापलेल्या गाडीवर, हेडलाइट चालू, चार हजारला १४.२. आयडलला १३.६. मी वहीत तो आकडा लिहून खाली दोन रेघा ओढल्या.

एवढ्यावर गोष्ट संपली असती पण सकाळी सेल्फ अजून थोडा जड वाटायचा. आता मीटरची सवय झाली होती. एक पिन बॅटरीच्या मायनसवर, दुसरी इंजिनच्या बॉडीवर, डीसीला, आणि सेल्फ मारला: ०.९ व्होल्ट. हा साधारण ०.२च्या आत असायला पाहिजे. म्हणजे जवळपास एक व्होल्ट नुसता अर्थच्या केबलमध्ये खर्च होत होता. इंजिनवरचा अर्थचा बोल्ट काढला, खाली रंग आणि गंज, पॉलिश पेपरनं धातू दिसेपर्यंत घासलं, घट्ट आवळलं, वर थोडं व्हॅसलिन. ०.१५. सेल्फ आता बोट लावलं की घेतो. याला एक रुपया लागला नाही.

आई त्यानंतर दोनदा आली माझ्याबरोबर अक्कलकोटला, दोन्ही वेळा मीटर टाकीवर चिकटवलेला होता. दुसऱ्या वेळी येताना वळसंग गेल्यावर तिनं मागून विचारलं, "आकडा किती आहे रे?" मी सांगितलं, चौदा पॉइंट एक. "बरं" म्हणाली.

सध्या खालच्या मजल्यावरच्या पोराची गाडी बघतोय. त्याचं उलटंच आहे. दोनदा हेडलाइटचा बल्ब उडाला आणि बॅटरीची बाजू फुगलीय, त्याला मेस्त्रींनी बल्ब भारीतला घे म्हणून सांगितलं. काल रात्री मोजली, चार हजारला १५.६. हा रेग्युलेटर व्होल्टेज आवरत नाहीये, किंवा त्याचा अर्थ गेलाय. रेग्युलेटरची बॉडी आणि बॅटरीचा मायनस यांच्यामध्ये किती व्होल्ट दिसतात ते आधी बघायचं, तो फरक जास्त निघाला तर नवा रेग्युलेटर घ्यायची गरज कदाचित पडणारही नाही. रविवारी सकाळी सात वाजता ये म्हणालोय, ऊन चढायच्या आत.